एक हजार सात

दौलतगंजच्या पतपेढीत वरच्या मजल्यावर सर्व्हरची खोली.
पूर्वी तिथे खतावण्या असत, म्हणून दार उघडलं
की अजूनही आधी जुन्या बासनांचा वास येतो,
मग पंख्यांची घरघर.
बाहेर रात्री साडेनऊलाही लू, आत अठरा अंश.
मी घरून शाल आणते.
लाखनसिंग वॉचमन रोज तेच म्हणतो, "मॅडम, जून में शाल!"

सोमवारी नवं यंत्र येतंय. त्याआधी
जे निवृत्त झाले, सोडून गेले, त्यांची खाती पुसायची.
काळ्या पडद्यावर मी लिहिते गेटेन्ट,
पुढे पासवर्ड. नावावर जाऊ नका,
या वहीत पासवर्ड कुणाचाच नसतो,
त्या रकान्यात नुसती फुली.
गुपित दुसरीकडे, कुलपात.

यंत्र आधी स्वतःची वही चाळतं,
तिथे नसेल तर भोपाळला विचारतं.
कुणाला आधी, कुणाला नंतर,
हे एका फायलीत ओळीनं लिहून ठेवलंय.
कुठेच नसेल तर गप्प.
माफ करा नाही, पुन्हा प्रयत्न करा नाही,
कोरी जागा आणि लुकलुकणारा कर्सर.
मला हे आवडतं.
काउंटरवरची माणसं माहीत नसलं की किती बोलतात.

सत्तेचाळीस ओळी आल्या. एकोणतिसावी:
कमुंगी, फुली, एक हजार सात, एक हजार तीन,
कमलाकर मुंगी, खोली तीन, सहा आकडी फोन,
घर, आणि आत येण्याचं दार.
सहा वर्षं झाली, दार उघडंच.

पुसलं. एका ओळीचं तर काम.

मग सवयीनं व्याजाच्या फायली बघायला गेले.
मुदत ठेवी, आवर्ती, विधवा सवलत,
दोनशे अकरा फायली, प्रत्येकीच्या मालकाच्या जागी
कमुंगी असायचं.
आता एक हजार सात.
एक हजार सात. एक हजार सात.
शेजारी गटाचं नाव तेवढं शाबूत: रातपाळी.
हा गट कुणाचा? विचारलं.
उत्तरात एकच नाव होतं, माझं.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी घातलं असणार,
चहा सांगावा तसं, न विचारता.

वरती सरकवून तो फोन पाहिला.
सहा आकडे म्हणजे जुन्या एक्स्चेंजचा.
आधी दोन लावून फिरवला.
"कोण? मृदुला? पाळी आहे वाटतं."
म्हटलं, काका, तुमचं खातं पुसलं.
"पुसायलाच हवं होतं. मी असताना
तीन महिन्यांवर ठेवत नसे मी कुणाचं."
टीव्हीचा आवाज बारीक झाला.
"व्याजाच्या फायली कुणाच्या आता?"
एक हजार सातच्या, मी म्हटलं.
"हं. आणि उद्या नवा पोरगा आला,
यंत्रानं त्याला हाच रिकामा नंबर दिला,
मग दोनशे फायली त्याच्या.
न मागता. कळणारही नाही त्याला."
मी काहीच बोलले नाही.
"अगं, नाव काय, नाव तुमच्यासाठी.
त्याला नंबर कळतो फक्त."

जेवलीस का वगैरे त्यांनी विचारलं नाही.
मीही तब्येतीचं विचारायची राहिले.

मग परत लिहिलं:
कमुंगी, फुली, तोच नंबर, तोच गट.
शेवटच्या रकान्यात, जिथे दार असतं,
तिथे प्रवेश नाही.
फायली नंतर नीट कुणाच्या तरी नावावर करीन,
सोमवारच्या आत. आज नको.

नंबर देऊन विचारलं, एक हजार सात कोण?
लगेच सांगितलं त्यानं.

दिवा मालवायच्या आधी एक दुरुस्ती केली.
फोनच्या सुरुवातीला दोन.